संकासुराची बोली

मालवणहून कसालला जाणारी एसटी कुंभारमाठ आणि चौके मागे टाकून कट्ट्याच्या बाजारपेठेत थांबते. गावाचं नावच कट्टा, तेव्हा गजालींना वेगळी जागा शोधावी लागत नाही. कार्तिकातली पौर्णिमा उलटली की या गजालींत एक विषय हमखास येतो: आज जत्रा कुठल्या देवळात, नाटक कुठल्या कंपनीचं आणि राजपार्ट कोण करणार. कंपनी म्हणजे दशावतारी मंडळ. संध्याकाळी टपावर ट्रंका बांधलेला एखादा टेम्पो रस्त्यावरून जातो, कधी चहाला थांबतो. उतरलेल्या दहा-बारा माणसांत काल रात्रीचा इंद्र कोण आणि द्रौपदी कोण, हे नवख्याला कळणार नाही. द्रौपदीला मिशी नसते, एवढीच खूण.

रोज रात्री नवा भाग, ओळखीचे नट, ठरलेला खलनायक, रडणारी नायिका. दूरचित्रवाणीवर मालिका नावाचा प्रकार आला त्याच्या कितीतरी आधीपासून मालवणच्या किनारपट्टीवर हा उद्योग चालू आहे. पाऊस सुरू झाला की कंपनी बंद आणि नट शेतात. भात कापून घरात आलं की पुन्हा तोंडाला रंग. गावोगावच्या जत्रांच्या तिथ्या ठरलेल्या, आणि कोणत्या देवळात कोणत्या कंपनीचा मान हेही बहुतेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. खानोलकर, वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर ही मंडळांची नावं ऐकली की खानोली, वालावल, मोचेमाड, चेंदवण ही गावं डोळ्यांसमोर येतात. पूर्वी ही मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन डोंगर-व्हाळ चालत ओलांडायची. पेटाऱ्यात दागिने, साड्या, लाकडी तलवारी आणि गणपतीचा मुखवटा. तो मुखवटा म्हणजे कंपनीचं दैवत, त्याच्या पूजेशिवाय रंग लागत नाही.

या नाटकाला लिहिलेली संहिता नाही. हे वाक्य दशावतारावरच्या प्रत्येक लेखात असतं, पण त्याचा अर्थ नटाच्या बाजूने फारसा कुणी पाहत नाही. संध्याकाळी कंपनीचा मालक आजचं आख्यान सांगतो, कोण काय करणार ते सांगतो, प्रसंगांचा क्रम सांगतो. पुढचं ज्याचं त्याने पाहायचं. रामायण-महाभारत-पुराणं तोंडपाठ हवीत, समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला तर राजाला शोभेल असं उत्तर त्याच श्वासात द्यायला हवं, गाणं हवं, पेटी आणि मृदंगाशी जमवून घ्यायला हवं. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच पलंग, तोच पर्वत. याच्या उलट मेक्सिकोतल्या टीव्ही मालिकांच्या नटांना कानात एक बारीक यंत्र घालायची सवय असते. आतल्या खोलीतला माणूस वाक्यं पुरवतो आणि नट ती तशीच कॅमेऱ्यापुढे म्हणतो. पाठांतराला वेळच नसतो, कारण भाग उद्याच दाखवायचा असतो. आपल्याकडच्या संगीत नाटकांत विंगेत प्रॉम्प्टर उभा असे. दशावताऱ्याच्या कानात कुणी नाही आणि विंगही नाही.

रंगभूषाही ज्याची त्यानेच करायची. हातात आरसा, समोर पूर्वी पलिते, मग गॅसबत्ती, आता वीज. मध्यरात्रीनंतर स्त्रीपार्टी नट आरतीचं ताट घेऊन प्रेक्षकांत फिरतो. पहाटे दहीकाला होतो, म्हणून या सगळ्याला 'धयकालो' असंही म्हणतात.

आख्यान सुरू होण्याआधी पूर्वरंग असतो, त्याला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती येतो, ऋद्धि-सिद्धी येतात, मोरावर बसून सरस्वती येते, भटजी येतो. मग येतो संकासूर. काळे कपडे, डोक्यावर काळी टोपी, चाल वाकडी. पुराणातला हा शंखासूर, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा. विष्णूच्या हातून मरणं एवढंच त्याचं काम. पण मरण्याआधी तो गावच्या प्रेक्षकांशी मनसोक्त बोलून घेतो, टोमणे मारतो, सूत्रधाराला भंडावतो. आणि हे सगळं मालवणीत. बाकी देव, राजे, ऋषी, पतिव्रता बोलतात ते जडजवाहिरांनी मढवलेलं ग्रंथी मराठी: 'प्राणनाथ', 'हे राजन', 'त्रिवार धिक्कार'. त्या मराठीवर समोर बसलेला भातशेती करणारा गडी खूश असतो, पण हसतो तो संकासुराला. घरची भाषा रंगमंचावर आली ती राक्षसाच्या तोंडून, आणि गावाला तोच सर्वांत जवळचा वाटतो. पुढच्या सगळ्या हकिगतीची किल्ली इथे आहे.

दशावतार कोकणात कुणी आणला याबद्दल आडिवऱ्याच्या शामजी नाईक काळे यांचं नाव घेतलं जातं, आणि सालही सांगितलं जातं १७२८. दक्षिणेकडच्या यक्षगानाशी त्याचं नातं उघड आहे. १८४३ मध्ये सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आज्ञेवरून विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. तेव्हापासून मराठी रंगभूमीचा जन्म मोजायची पद्धत पडली. कोकणातल्या देवळांसमोर रात्रभर चाललेली नाटकं त्या इतिहासात पूर्वपीठिकेच्या प्रकरणात गेली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि शहरी नाटकाने गाण्याची, पडद्याची, तिकिटाची वेगळी वाट धरली. त्या वाटेवर मालवणी माणसाला जागा होती, पण ती स्वयंपाकघराच्या दाराशी.

त्या जागेचं नाव रामा. मुंबईच्या सुखवस्तू घरांत भांडी घासणारा, बाजार आणणारा, पोरं सांभाळणारा गडी बहुधा रत्नागिरी जिल्ह्यातला असायचा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. खरं नाव बाबल्या असो की गणपत, घरात त्याला 'रामा' म्हणायचे. त्याच्या बोलण्यातले हेल नाटकांना आयतेच सापडले. बैठकीच्या खोलीतलं नाटक जरा जड झालं की रामाने ट्रे घेऊन आत यायचं, दोन मालवणी वाक्यं टाकायची, हशा वसूल करून विंगेत जायचं. संकासुराला निदान वेद पळवायला मिळत होते, रामाला नुसता ट्रे.

हे उलटं झालं ते १९८० मध्ये. 'शाकुंतला'ला शंभर वर्षं होत होती त्याच साली, १६ फेब्रुवारीला, गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगमंचावर आलं. गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. गावकरी मंडळी महाभारतातला वस्त्रहरणाचा प्रसंग बसवायला घेतात आणि त्यात जो काही सावळागोंधळ होतो तो, एवढंच कथानक. पण ज्या कुणी कोकणातल्या गावातल्या उत्सवाचं नाटक आतून पाहिलंय, त्याला त्यातली एकेक भानगड ओळखीची वाटते: ऐनवेळी न येणारा नट, मानपानावरून अडून बसलेला गावकार, पौराणिक वेशातली घरगुती भांडणं. आणि कौरव-पांडव बोलतात ते मालवणीत. प्रस्तावनेत मरून जाणाऱ्या संकासुराची बोली आता धर्मराजाच्या आणि दुर्योधनाच्या तोंडी आली. दशावतार उलटा करून पाहिला की जे दिसतं ते 'वस्त्रहरण'.

त्यातला तात्या सरपंच करत होते मच्छिंद्र कांबळी. जन्म ४ एप्रिल १९४७, गाव रेवंडी, मालवण तालुका. नाटक आलं तेव्हा फारसं चाललं नाही, आणि याचं नवल वाटायला नको. मुंबईतल्या तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाला पूर्ण नाटक मालवणीत ऐकायची सवय नव्हती, आणि मालवणी माणसाला आपल्या बोलीसाठी तिकीट काढायची सवय नव्हती. मग पु. ल. देशपांड्यांनी प्रयोग पाहिला आणि कौतुकाचं पत्र लिहिलं. ते पत्र जाहिरातीत गेलं, आणि नाटकाचे दिवस पालटले. मराठीत पुलंच्या शिफारशीवर तगलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे, पण इतकं खणखणीत नाणं वाजलेली दुसरी गोष्ट सापडणं कठीण. प्रयोगांचा आकडा पुढे पाच हजारांपलीकडे गेला.

पत्राने प्रेक्षक दारापर्यंत येतो, आत बसवतो तो नट. कांबळींचं चालणं, थांबणं, वाक्याच्या शेवटी हेल सोडून देणं आणि मग निष्पाप चेहऱ्याने समोर बघणं, हे शहरी फार्सच्या नटाचं नव्हतं. प्रेक्षकांशी थेट बोलायची, आयत्या वेळी प्रसंग फिरवायची ही कसरत देवळासमोरच्या नाटकातली. लिहिलेलं नाटक असूनही त्यांचा प्रयोग दर वेळी थोडा निराळा व्हायचा, आणि तेच नाटक दहादा पाहणारे लोक त्या थोड्यासाठी यायचे.

गिरणगावातून, लालबाग-परळहून, उपनगरांतल्या चाळींमधून चाकरमानी येत. मे महिन्यात आणि गणपतीत गावाला जाऊन आल्यावर वर्षभराची जी भूक उरते ती या नाटकाने भागत होती. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत घाटावरच्यांच्या जोडीने कोकणी माणूस मोठ्या संख्येने होता. त्याच वर्षी कांबळींनी स्वतःची नाट्यसंस्था काढली. नाव ठेवलं भद्रकाली, रेवंडीच्या ग्रामदेवतेचं. नटाने निर्माता होणं ही मराठीत जुनी खोड आहे आणि तिने पुष्कळ नट बुडवले आहेत. कांबळी तरले. 'पांडगो इलो रे बा इलो', 'घास रे रामा' अशी मालवणी नाटकं त्यांनी केली, आणि त्यातल्या दुसऱ्या नावात तो जुना रामा थेट पाटीवर येऊन बसला आहे.

एक गंमत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे मालवणीला स्वतःचा रंगमंच आधी मिळाला आणि स्वतःचा जिल्हा सव्वा वर्षाने.

मच्छिंद्र कांबळी ३० सप्टेंबर २००७ रोजी गेले, वयाच्या साठीत. संस्था त्यांचे चिरंजीव प्रसाद कांबळी चालवतात, आणि याच भद्रकालीने २०१७ मध्ये प्राजक्त देशमुखांचं 'संगीत देवबाभळी' रंगमंचावर आणलं.

मधल्या वर्षांत नाटकाचा प्रेक्षक घरात, टीव्हीच्या पडद्यासमोर बसू लागला होता. आणि मालिकेची ही चूल आपल्याकडे पेटली तो निखारा मेक्सिकोतून आणलेला, आणणारा माणूस मराठी.

मेक्सिकोतली पहिली मालिका 'सेंदा प्रोहिबिदा', साल १९५८. नायिका सिल्विया डेर्बेज. नायिका म्हणायची, पण पात्र होतं साहेबाचा संसार मोडायला निघालेल्या सेक्रेटरीचं. बायका दात-ओठ खात बघायच्या, पण बघायच्या. पुढे पेरूमध्ये १९६९ साली 'सिंप्लेमेंते मारिया' नावाची मालिका आली. त्यातली गरीब मोलकरीण शिवणकाम शिकून वर येते. ती बघून लॅटिन अमेरिकेत शिवणयंत्रांचा खप वाढला. मिगेल साबिदो या मेक्सिकन नाट्यदिग्दर्शकाने हे हेरलं. लोक मालिकेतल्या बाईचं बघून यंत्र विकत घेत असतील, तर साक्षरता आणि कुटुंबनियोजनही घेतील, असा त्याचा हिशेब. १९७५ मध्ये प्रौढशिक्षणावर 'वेन कोनमिगो' आणि १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर 'आकोम्पान्यामे' या मालिका त्याने केल्या. त्याची रीत सरळ होती: एक चांगलं पात्र, एक वाईट पात्र आणि मधे एक डळमळणारं.

माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री वसंत साठे मेक्सिकोत जाऊन हे बघून आले. त्यातून मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली 'हम लोग' ७ जुलै १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाली. दीडशेहून जास्त भाग झाले. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन समजुतीच्या गोष्टी सांगत. पण पुढे संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा भलतंच निघालं. सोसत राहणारी आई भागवंती लेखकाने 'असं वागू नका' म्हणून उभी केली होती, आणि कित्येकांना तीच आदर्श वाटली होती. दशावताराचा जुना प्रेक्षक असता तर त्याने आधीच सांगितलं असतं, की कुणावर जीव लावायचा हे सूत्रधाराच्या हातात नसतं.

मराठीत रोजच्या मालिकांचं पीक आलं ते ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी निघाल्यावर, 'आभाळमाया'पासून. त्या मालिकांतली घरं मुंबई-पुण्याची, भाषा प्रमाण. मालवणी बोलणारा आला तर तो पुन्हा जुन्याच कामावर, फार तर ट्रेच्या ऐवजी मोबाइल हातात.

मग २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. कट्ट्याहून कसाल, ओरोस, कुडाळ करत सावंतवाडीच्या रस्त्याला लागलं की आकेरी येतं. तिथलं एक जुनं कौलारू घर नाईकांचा वाडा झालं. घरचे कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूपासून गोष्ट सुरू होते, पोरं गोळा होतात, जमिनीचा वाद, करणीची शंका, माजघरातला अंधार. घरातली माणसं बोलत होती ती मालवणी, आणि एका-दोघांची नव्हे तर अख्ख्या घराची. घरगडी पांडू 'इसरलंय' म्हणायचा तेव्हा विदर्भातली पोरंही ते म्हणू लागली. पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेच्या लेखनातही होते, म्हणजे नट आपली वाक्यं आपणच रचत होता. ही रीत या जिल्ह्याला नवी नव्हती.

ती मालवणी शुद्ध होती का, यावर कट्ट्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत पुष्कळ वाद झाले. नव्हती. नागपूरला समजावी म्हणून तिची टोकं घासली होती, मधेच प्रमाण क्रियापदं घुसत होती. पण तक्रार खरी पेटली ती वेगळ्या कारणाने. कोकण म्हणजे भुतंखेतं आणि भाऊबंदकी असं चित्र जगापुढे जातंय, मालिका बंद करा, अशी मागणी झाली. रागात तथ्य होतं. मात्र राग व्यक्त करणारी घरं रात्री साडेदहाला टीव्ही लावून बसलेली असत, हेही तितकंच खरं.

जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, आणि त्यात गोष्ट मागे नेऊन अण्णांना जिवंत दाखवलं. माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक म्हणजे जमीन लाटणारा, खून पचवणारा, बाहेरख्याली गावगुंड. अपूर्वा नेमळेकरांनी केलेली त्याची प्रेयसी शेवंता म्हणजे सिल्विया डेर्बेजची कोकणी भाची. नीतीच्या हिशेबाने दोघांचा तिटकारा यायला हवा होता. प्रत्यक्षात त्यांचेच फोटो, त्यांचेच विनोद फिरले, आणि आकेरीच्या त्या घरासमोर पर्यटकांच्या गाड्या लागू लागल्या. संकासूर पूर्वरंगातून उठून आख्यानात येऊन बसला, तेव्हा अण्णाच्या बायकोच्या, माईच्या सोशिकपणाकडे लोकांनी आदराने पाहिलं आणि अण्णाकडे आवडीने.

टीव्हीने दशावतार संपवला का? संपवला असता तर कट्ट्याच्या रस्त्यावर तो टेम्पो दिसला नसता. बदलला मात्र नक्की. आता जाहिरातीत 'ट्रिकसीनयुक्त' हा शब्द ठळक असतो: धूर, आग, अंतराळातून येणारे देव. वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणून 'संयुक्त दशावतार' होतो, त्याला गर्दी जत्रेसारखी. नटांचे चाहते आहेत, त्यांचे प्रयोग यूट्यूबवर आहेत, बिरुदं आहेत. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण 'लोकराजा' म्हणून ओळखले जात. वडील बाबी कलिंगण मोठे दशावतारी, आणि सुधीर यांच्यानंतर मुलगा सिद्धेशही त्याच रंगात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुधीर कलिंगण गेले तेव्हा जिल्हा हळहळला. त्यांनी राजाच्या तोंडी घातलेलं मराठी, मालिकांच्या लेखकांनी एकदा बसून ऐकावं असं होतं, आणि त्यातलं एक वाक्यही कुणी त्यांना लिहून दिलेलं नव्हतं.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' चित्रपट आला. त्यातला थकत चाललेला दशावतारी बाबुली मेस्त्री केला दिलीप प्रभावळकरांनी, एक्क्याऐंशीव्या वर्षी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर चिमणराव करून मराठी मालिकेच्या नटाला पहिल्यांदा घराघरांत नेणारे तेच. कोकणातल्या थिएटरांत हा सिनेमा बघायला दशावतारी मंडळीही गेली. पडद्यावरच्या माणसाने कंबरपट्टा नीट बांधला आहे की नाही, हे त्यांनी आधी पाहिलं असणार.

जत्रेच्या रात्री आजही पूर्वरंगाला प्रेक्षक कमीच असतात. खाज्याच्या दुकानांवर गर्दी असते, म्हातारी माणसं कांबळं पसरून जागा धरत असतात, पोरं मोबाइल घेऊन पुढे बसलेली असतात. सरस्वती मोरावर बसून नाचते तेव्हा कुणी मान वर करत नाही. मग काळ्या टोपीतला एकजण वाकडा चालत येतो आणि पुढच्या रांगेतल्या पोराला मालवणीत विचारतो, अभ्यास केलंस काय रे, की हयच झोपाक इलंस. तेव्हा मोबाइलचे कॅमेरे सुरू होतात.